तोटे आधी सांगणाऱ्या डॉक्टर

डॉ. शैलजा कारखानीस यांच्या दहिसरच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्याशी भांडायला. त्यांनी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना सुप्रियावहिनीची पाळी चुकली होती. घरी तान्ही मुलगी, आणि अंधेरीच्या एका कारखान्यात नुकतीच लागलेली नोकरी. दिवस गेले असते तर ती नोकरी सुटणार होती. "माका त्या डॉक्टरणीचो भरवसो नाय," आई म्हणाली. माझाही नव्हता. घरातली पहिली पदवीधर म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

"तुमच्या गोळ्या डुप्लिकेट आहेत," मी उभ्यानेच म्हणाले.

डॉक्टरांनी पाकीट उजेडात धरून पाहिलं. "शंका चांगली आहे. बसा." मग वहिनीला विचारलं, "गोळी कधी घेतेस गं?"

"हे घरी असले की."

दादा टेम्पो घेऊन गुजरातला जातो. तो नसताना गोळी कशाला, असं वहिनीला वाटलं होतं. मी तिच्याकडे वळले, तशा डॉक्टर म्हणाल्या, "तिला काही बोलू नका. रोज घे म्हणाले, पण का ते सांगितलं नाही. तिला काय समजलं तेही विचारलं नाही. चूक माझी." डॉक्टर स्वतःची चूक कबूल करतात, याचाच मला जास्त संशय आला.

तपासणीत दिवस गेलेले नव्हते. पाळी आली नाही तर पुन्हा तपासू, असं सांगून त्यांनी गर्भनिरोधनाची सगळी साधनं ट्रेमध्ये मांडली. "आता यांच्याबद्दल वाईट काय काय ऐकलंयस ते सांग."

वहिनी आधी लाजली, मग सुटलीच. तांबी, म्हणजे कॉपर-टी, पोटात वर चढते, इंजेक्शनने मूलच होत नाही. डॉक्टरांनी काहीही हसण्यावारी नेलं नाही. तांबी अशी वर चढत नाही. क्वचित सरकते किंवा निघून येते, आणि सुरुवातीला पाळीत रक्तस्राव व दुखणं वाढू शकतं. इंजेक्शनने पाळीचा नेम राहत नाही, बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो. गोळी रोज लक्षात ठेवावी लागते, रक्तदाब जास्त असेल तर चालत नाही. निरोधने आजारही टळतात, पण दर वेळी वापरला तरच. शस्त्रक्रिया कायमची.

"इंजेक्शनच बरं," मी म्हणाले. "विसरायचा प्रश्न नाही."

"वकीलबाई, तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाल्या. "पदवी तुमची, पोट तिचं."

मला राग आला. आत ही बाई वहिनीच्या गळ्यात काहीतरी मारणार, अशी माझी खात्री होती. बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आली. "पाळी आली की तांबी बसवणार. मी ठरवलंय," ती म्हणाली. आमच्या घरात 'मी ठरवलंय' हे वाक्य तिच्या तोंडून तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या खेपेला दादालाही बोलावणं गेलं. "सगळं हिनेच करायचं, की तुमचंही काही काम आहे?" डॉक्टरांनी विचारलं. पुरुषांची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हे ऐकताना दादा पंख्याकडे बघत होता. तांबी बसली, आणि वहिनीची नोकरी टिकली.

आज मी त्याच दवाखान्यात समुपदेशक आहे. 'काहीच त्रास नाही' म्हणणाऱ्या औषध कंपनीच्या माणसाला डॉक्टर अजून दारातच थोपवतात. प्रत्येक बाईकडून ऐकलेलं तिच्याच शब्दांत वदवून घेतल्याशिवाय तिला उठू देत नाहीत. आम्हालाही बजावतात, "माझ्यावरही संशय घ्या."

तो आम्ही घेतो. डॉक्टरांना स्वतःला रक्तदाबाची गोळी आहे, आणि डोकं दुखेल त्याच दिवशी त्या ती घेतात, असा आमचा दाट संशय आहे. म्हणून पंचाहत्तरीच्या या दिवशी त्यांना उदंड, निरोगी आयुष्य चिंतताना एकच विनंती: डॉक्टर, गोळी कधी घ्यायची, ते तुमच्या शब्दांत सांगा. त्याशिवाय आम्ही उठू देणार नाही.