कोनाड्यातली अर्धी बाटली

ब्रेक ऑईल हे तेल नव्हे, हे मला पन्नाशीत कळलं. तोवर तीस वर्षं गाडी हाकून झाली होती.

धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्या गावच्या बाया माझ्या पिकअपमधून आंबागडाकडच्या शेतांवर जात. पुढच्या सीटवर माझी बायको, मागे बारा जणी. पहाटे नेणं, अंधार पडता आणणं, मधे खताच्या फेऱ्या. त्या हंगामात अंग इतकं आंबलं होतं, की जेवतानाही डोळे मिटत.

ब्रेकच्या टाकीत ऑईल कमी दिसलं, तेव्हा मिस्त्रीकडे जायचा कंटाळा आला. घरात पाण्याच्या माठावरच्या कोनाड्यात मागच्या वर्षीची अर्धी बाटली होती. झाकण हरवलेलं, तोंडाला प्लास्टिकची पन्नी बांधलेली. आमच्यात अर्धं उरलेलं काही फेकत नाहीत, बियाणं असो की औषध. आणि आत ओल गेली असली तरी तेलात पाणी मिसळत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी बाटली ओतली.

तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीनं जंगलातला लांब उतार उतरत होतो. पाय सारखा ब्रेकवर. शेवटच्या वळणावर पायाखाली काहीच लागेना, पेडल सरळ तळाशी गेलं. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी रोवणीसाठी चिखल केलेल्या धानाच्या एका बांधीत घातली. बाया वाचल्या. बायकोचा समोरचा दात तेवढा तुटला.

मी भ्यालो होतो, म्हणून आधी तोंड चाललं. आठ दिवसांपूर्वी मिस्त्रीनं ब्रेकचं काम केलं होतं, त्यानंच वाट लावली, असं सगळ्यांना सांगितलं. बायांना पटलं.

मिस्त्री आला. काय ओतलं ते त्यानं विचारलं आणि मी बाजूला नेऊन सांगितलं. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

"हे तेल नाही होय, भाऊ. हवेतलं पानी पिऊन राहते हे. गरम झालं का पान्याची वाफ होते, अन् वाफ दबते. जे दबत नाही, लवकर उकळत नाही, रबर खात नाही, तेच ब्रेकात चालते. सील फोडलेली बाटली ठेवाची नसते."

बायांना त्यानं काही सांगितलं नाही. घरी बायको तोंडावर पदर धरून बोलली, "त्याले काहून बोल लावता? बाटली तर तुमीच ओतली."

दुसऱ्या दिवशी ब्रेकमधलं सगळं काढून मिस्त्रीनं नवीन भरलं. संध्याकाळी मी बांधावर उभा राहून बायांना खरं सांगितलं. कोणी रागावलं नाही. हात चिखलात चालू ठेवून सगळ्यात थोरली म्हणाली, बरं झालं सांगितलं. पुढच्या सकाळी बाराही जणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या.

बायको तेवढी माझ्याच गाडीत आली. गाडी घरासमोरून हलायच्या आधीच तिनं दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरली. उतार यायला अजून बराच वेळ होता.