उत्तरेची खिडकी

"जरा थांबा, भटजी. उजेड फिरू दे."

त्यांच्या मांगरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत याच वाक्याने होत असे. ते जमिनीवर उकिडवे बसलेले असत आणि सुटू पाहणाऱ्या वासराला थोपवावे तसा उजवा तळहात त्यांनी दाराकडे धरलेला असे. मग आलेल्या माणसाने उंबऱ्याबाहेरच उभे राहावे. झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकत जाई, त्यांच्या मनासारख्या जागी पोहोचे, आणि मग ते म्हणत, "हां, आता या. पण कडेकडेने."

मांगर म्हणजे काजूबागेतली राखणीची खोपी. गोव्यातल्या मांद्रेच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या उंच माळावर, जिथून समुद्राची एक निळी रेघ तेवढी दिसते, तिथे ही खोपी होती. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे खरे घर उभे होते. घडीव चिऱ्यांचे, उंच छपराचे, उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या असलेले. ते त्याला चित्रशाळा म्हणत. ती बांधण्यासाठीच ते उतारवयात मुंबई सोडून आले होते. आणि बांधून झाल्यावर तिला कुलूप लावून ते खोपीत राहत होते.

गाव त्यांना चितारी म्हणे. आमच्याकडे देवाचे पाट आणि मखरे रंगवणाऱ्याला चितारी म्हणतात. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे नाव कमीपणाचे वाटेल, अशी मला शंका होती. ते म्हणाले, "बढतीच झाली की. तिथं मी रंगवलेले देव शुक्रवारी बदलायचे."

माझा त्यांचा परिचय वास्तुशांतीच्या निमित्ताने झाला. मी मुहूर्त काढून दिला. त्यांनी तो पुढे ढकलला. मी दुसरा काढला, तोही ढकलला. तिसऱ्या वेळी मी विचारले, तेव्हा कळले की पत्नी मुंबईत आहे आणि तिच्याशिवाय ते घरात पाऊल ठेवणार नाहीत.

मी त्यांना शास्त्राची सोय सांगितली. सहधर्मचारिणी जवळ नसेल, तर यजमानाने तिच्या जागी सुपारी ठेवावी, कंबरेला बांधावी, कार्य अडू देऊ नये. आमच्या पूर्वजांनी माणसांच्या अडचणी पुष्कळ पाहिल्या होत्या, म्हणून अशा वाटा त्यांनी मोकळ्या ठेवल्या.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मला देवाधर्मातलं फारसं कळत नाही, भटजी. तुम्ही सांगता तर सुपारी चालत असेल. पण सुपारी माझ्याशी भांडणार नाही. आणि पहिलं पाऊल तिचं, हे ठरलेलं आहे."

तुम्ही या विरोधाकडे जरा पाहा. ज्याचा संध्येचा एकही दिवस चुकला नाही असा मी सवलत देत होतो, आणि ज्याने देवळाची पायरी चढलेली मी पाहिली नाही तो माणूस नियम पाळत होता.

दोन खिडक्यांचे कारण त्यांनी पुढे एका दुपारी सांगितले. ती दोघे चित्रकला शिकताना भेटली होती. संसार मांडल्यावर तिने शाळेत चित्रे शिकवण्याची नोकरी धरली आणि स्वतःची चित्रे बाजूला ठेवली. घर तिच्या पगारावर चालले. "तिची रेघ माझ्यापेक्षा बरी होती," ते म्हणाले. "मी मोठमोठे चेहरे रंगवले. ती एका रेघेत म्हैस बसवायची, आणि म्हैस उठेल असं वाटायचं. ती डावी खिडकी माझी. उजवी तिची."

"पण उत्तरेलाच का?" मी विचारले. वास्तुविद्येतले काही कारण असेल, असे माझ्या मनात होते.

"उत्तरेचा उजेड फिरत नाही. सकाळी बसलात तर संध्याकाळपर्यंत तोच राहतो. चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवं?"

मांगरातला उजेड मात्र फिरत असे, आणि तिथे त्यांचे दिवस जात. आठवड्यातून एकदा गावातली शेवंती सड्यावर येई आणि मांगराची जमीन सारवून जाई. ओल्या शेणावर तिच्या बोटांचे अर्धवर्तुळाकार फराटे एकात एक गुंफत जात, आणि उन्हाचा पट्टा तिरपा आला की ते लाटांसारखे उठून दिसत. हेच ते पाहत बसत. मुंबईहून आणलेले कॅनव्हास गुंडाळलेलेच होते. ते कागदाच्या तुकड्यांवर फराटे उतरवीत, चुलीच्या वरची काजळी उतरवीत, भिजत घातलेल्या सुंभाचे वेटोळे उतरवीत.

"पाय उचला, बाबानू," शेवंती म्हणे. "माका अजून चार घरां आसत."

एकदा त्यांनी तिला सारवू नको म्हणून सांगितले. मागच्या आठवड्याचे काम इतके जमून आले होते की ते मोडू नये, असे त्यांना वाटले. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सारवल्याबगर ठेवलात तर लोक म्हणतले, हयसर कोण रवना नाय. तुमका चालतला?"

त्यांनी जमिनीवरच्या फराट्यांकडे एकदा पाहिले. मग पाय उचलून बसले. "सारव," म्हणाले.

त्या काळी गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. त्यांच्या गडग्याला, आवाराच्या दगडी बांधाला, नवा चुना दिलेला होता आणि तो रस्त्याला लागून होता, त्यामुळे एका सकाळी त्यावर मराठीचा जयजयकार उमटला. थोड्याच दिवसांत शेजारी कोंकणीचा उमटला. मी मराठीचा अभिमानी. संस्कृताखालोखाल माझी भक्ती त्याच भाषेवर. मी रागाने सडा चढून गेलो आणि म्हणालो, "निदान ते दुसरे तरी पुसून टाका."

ते गडग्यासमोर उकिडवे बसले होते. "जरा थांबा. हे वेलांटीचं शेपूट बघा. आणि इकडचं बघा. ब्रश उचलताना दोन्हीकडे तोच झटका आहे. रंगवणारा एकच आहे, भटजी. डिचोलीचा असावा, तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर मी हा झटका पाहिलाय."

मला हसू आवरले नाही. दोन्ही जयजयकार पुढच्या पावसाळ्यापर्यंत गडग्यावर शेजारी शेजारी राहिले.

पुढे गोव्याचे राज्य झाले. गावात पेढे वाटले, मी त्यांच्यासाठीही घेऊन गेलो. त्यांनी पेढा हातात धरून विचारले, "आता तरी मुंबईची गाडी वेळेवर येईल का?"

या प्रश्नाला कारण होते. दर मे महिन्यात, शाळेला सुटी लागली की, ते पेडण्याच्या बसथांब्यावर जाऊन बसत. पत्नी येते म्हणून कळवी. मग काही अडचण निघे. संध्याकाळी ते सडा चढून परत येताना मला अंगणातून दिसत. हातातल्या पिशवीत दोघांपुरते उंडे, इथले गोल पाव, असत. दुसऱ्या दिवशी शेवंती उंडे पदराखाली घेऊन खाली येई आणि माझ्या पत्नीला म्हणे, "बाई येवक नाय, वयनी. पाव माका गावलो." तिच्या सुरात चेष्टा नसे.

चतुर्थीला ते आमच्याकडे येत. आमच्या भागात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, कच्च्या सुपाऱ्यांचे घोस, रानातली लालभडक कवंडळे आणि नाना वेली टांगलेल्या असतात. आम्ही सारे समोरून हात जोडत असू. ते परवानगी घेऊन माटोळीखाली उताणे पडत आणि तासन् तास वर पाहत. माझ्या सुनांना प्रथम हे विचित्र वाटले. नंतर त्या त्यांना ओलांडायचे नाही म्हणून वळसा घालून नैवेद्य नेऊ लागल्या.

एका चतुर्थीला ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "एवढ्या सुपाऱ्या, आणि एकही बोलत नाही."

मी पाटावर बसून माळ ओढत होतो. माळ थांबवून विचारले, "त्या का येत नाहीत? आता तर त्या निवृत्त झाल्या."

"यायला तयार आहे. अट एकच. तिची खिडकी बुजवा म्हणते." ते अजून वरच पाहत होते. "म्हणते, इतकी वर्षं हात चालवला नाही. त्या खिडकीशी बसले की मला काढावं लागेल, आणि काही निघालं नाही तर तुम्ही बघत असाल."

"मग बुजवा. माणूस मोठा की खिडकी?"

"बुजवलेली खिडकी जास्त दिसते, भटजी. आम्ही रोज तिच्याकडेच बघत बसू."

मी देवापुढची वात सरळ केली.

त्या चतुर्थीनंतर दोन पावसाळे गेले. मग एक दिवस सड्यावरून चिरे तासल्याचा आवाज येऊ लागला. मी वर गेलो. उजव्या खिडकीशी गवंडी बसला होता. बाहेरून शिडी लावून तो चिरे चढवीत होता, कारण आत जाण्याची त्यालाही मुभा नव्हती. ते थोडे दूर काजूखाली उभे होते, पाठ फिरवून.

"कळवलंय तिला," ते म्हणाले. "बुजवतोय म्हणून. मुहूर्त बघून ठेवा."

मी वैशाखातला मुहूर्त काढला. तो त्यांनी ढकलला नाही. शेवंतीने मांगर सारवून घेतला, अंगण चोपून गुळगुळीत केले. खिडकी निम्मी भरली होती, तेव्हा मुंबईहून तार आली. पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. प्रवास आता होणारच नव्हता.

निघण्यापूर्वी ते माझ्याकडे आले. हातात पंच्यात गुंडाळलेले काहीतरी होते. त्यांनी ते उलगडले. खिडकीसाठी तासलेल्या चिऱ्याचा मुठीएवढा तुकडा होता, तांबडा, सच्छिद्र, आमच्या जमिनीसारखाच.

"पत्नी नसेल तर सुपारी चालते, तुम्ही म्हणाला होता," ते म्हणाले. "आता पत्नी आहे. घर नाही. घराच्या जागी हे चालेल का?"

मी गुरुगृही बारीकसारीक विधींचे पुष्कळ पाठ घेतले आहेत. असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवले नाही. ज्यांनी सुपारीची वाट ठेवली, त्यांच्यापुढे हा माणूस उभा राहिला असता तर ते काय म्हणाले असते, याचा मी विचार केला.

"चालेल," मी म्हणालो. "पाटावर मांडा. त्यांना उजव्या हाताला बसवा. बसवत नसेल तर तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसा. अक्षता दोघांनी मिळून टाका."

तुकड्यावर मी गंधाचे बोट लावले. त्यांनी तो पुन्हा गुंडाळला, चित्रशाळेची किल्ली माझ्या हाती दिली आणि दोन्ही हातांनी मला नमस्कार केला. तसा नमस्कार त्यांनी त्यापूर्वी केला नव्हता.

त्यानंतर एकच कार्ड आले. "समोर इमारत आहे, त्यामुळे इथं उजेड नाही. चिरा खिडकीत ठेवला आहे. ती त्याच्याकडे बघत असते. मी तिच्याकडे." मी उत्तर पाठवले, पुढच्या चतुर्थीचे आमंत्रण पाठवले. काही आले नाही. ती दोघे आज कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही.

शेवंती अजून आठवड्याला सड्यावर जाते आणि मांगर सारवून येते. तिला कोणी सांगितलेले नाही, आणि मीही विचारत नाही. गुडघे साथ देतात त्या दिवशी मीही वर जातो. ओल्या जमिनीवरचे फराटे उंबऱ्याबाहेरून पाहतो. मग किल्ली लावून चित्रशाळेचे दार उघडतो आणि दारातच उभा राहतो. आत जाण्याचा अधिकार माझा नव्हे.

एक खिडकी पूर्ण उघडी आहे. दुसरी निम्मी भरलेली आहे. जमिनीवर कोणाचेही पाऊल नाही. दोन्हींतून उजेड आत येतो आणि एकाच जागी पडून राहतो. मी सवयीने थांबतो. तो फिरत नाही.