भंडारा उचलून दिलेला शब्द

ती घटना आजही आठवते. ती आठवायला मला जुने कागद चाळावे लागत नाहीत. तिचे निम्मे कागद मीच होऊ दिले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. भोर संस्थानच्या मुलखात, वेल्ह्याच्या बाजूला एका लहान ठाण्यावर मी फौजदार होतो. डोंगरातल्या वाड्यांवर तेव्हा वेठ चालायची. अंमलदाराचा मुक्काम पडला की लोकांनी सामान वाहायचं, गवत-सरपण पुरवायचं आणि धनगरांनी वर एक कोकरू द्यायचं, सगळं फुकट. कुणी कुरकुर केली तर चाबूक होताच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मुक्कामाला मीही जेवलो आहे.

मग या वेठीविरुद्ध अर्ज जाऊ लागले. अक्षर एकच, वळणदार, आणि खाली वीस-वीस अंगठे. आमच्या भागातल्या एका बड्या अंमलदाराला ते झोंबले. लिहिणारा हुडकून काढा, असा मला तोंडी हुकूम झाला. चौकशी अर्जातल्या तक्रारीची व्हायला हवी होती. ती लिहिणाऱ्याची सुरू झाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट हुरूप आला.

खबर कापूरहोळच्या एका चहावाल्याने दिली. शाळेतून काढून टाकलेला एक मास्तर महिन्यातून दोनदा पुण्याच्या मोटारीतून उतरतो, काखेत पिशवी मारून पश्चिमेकडे चालायला लागतो. कुठल्या वाडीवर जातो, ते त्याला ठाऊक नव्हतं.

अर्जांवर ज्याचा अंगठा नेहमी पहिला असे, त्या म्हाताऱ्या धनगराला मी ठाण्यावर आणवलं. दोन दिवस उन्हात ओट्यावर बसवून ठेवलं. हवालदाराने हातही चालवला आणि मी तिकडे पाठ फिरवून डायरी लिहीत राहिलो. म्हातारा एकच सांगत होता, वाडीवर कुणी मास्तर येत नाही. मेंढरं मोकळी आहेत, सोडा, एवढीच त्याची विनवणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कपाळावरच्या पिवळ्या बोटांकडे माझं लक्ष गेलं आणि मला युक्ती सुचली. आमच्या घरचंही दैवत खंडोबाच. खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ओतली. आता म्हण, मास्तर येत नाही म्हणून, असं त्याला सांगितलं.

माराला न बधलेला माणूस चिमूटभर हळदीपुढे नमला. मग म्हणाला, "भंडारा हातात घेऊन खोटं बोलवत न्हाई. सांगतो म्या. पर फौजदार, तुमी बी उचला. मास्तराला कुणी हात लावनार न्हाई म्हना."

मी उचलला. शब्द दिला. त्याने दिवस सांगितला, जागा सांगितली. त्याला सोडून दिल्यावर मी हाताचं पिवळं रुमालाला पुसलं आणि हवालदाराला म्हणालो, "बघितलंस? छडी लागली नाही." इतका मी स्वतःवर खूश होतो.

सोमवारी भरदुपारी आम्ही वाडी गाठली. घोंगडीवर बसून मास्तर लोकांना अर्ज वाचून दाखवत होता. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आम्हाला बघून तो पळाला नाही. शांतपणे म्हणाला, "दोन ओळी राहिल्यात. पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाचा अंगठा घेत नाही." मी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि त्याला ठाण्याच्या कोठडीत आणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या अंमलदाराचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला: कैद्याला चौकशीसाठी मुक्कामावर पाठवा. चिठ्ठीवर ना शिक्का, ना कलम. अशा चौकशीत काय होतं ते ठाण्यातला पाणक्याही सांगू शकला असता. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. फार तर बदली झाली असती. मी मास्तराला पाठवला.

परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडलेली होती. डोंगर उतरताना पडून इजा, असा पंचनामा तयार होऊन आला आणि मी खाली सही केली. नंतर त्याला संस्थानच्या हद्दीबाहेर नेऊन सोडलं. ते वळणदार अक्षर पुन्हा कुठल्याही कागदावर आलं नाही. माझ्या सेवापुस्तकात मात्र शाबासकीचा शेरा आला.

चार दिवसांनी म्हातारा चालत ठाण्यावर आला. फिर्याद लिहून घ्या म्हणाला. कुणावर, असं मी विचारलं.

"तुमच्यावर. भंडारा उचलून शब्द मोडला, हे लिवा."

असल्या गोष्टीला कलम नसतं, असं मी त्याला सांगितलं. 

"कलम नसंल तर नुसतं लिवा," तो म्हणाला. "मास्तर असता तर त्यानं लिवलं असतं."

दुपार कलेपर्यंत तो पायरीवर बसून होता. मी आत दौत-टाक घेऊन बसलो होतो, पाच पावलांवर. लिहिलं नाही. मग तो उठला आणि निघून गेला.

पुढे संस्थान विलीन झालं, मी बढत्या घेत निवृत्त झालो. चोर-दरोडेखोरांनी मला बरंच शिकवलं. या प्रकरणात शिकलो ते एवढंच, की त्या मास्तराला खरा धोका त्या चाबूकवाल्या अंमलदारापासून कमी आणि माझ्यापासून जास्त होता. चाबूकवाल्याला त्याची वाट ठाऊक नव्हती. ती मी दाखवली, आणि तीही देवाच्या नावाने. याची मला लाज वाटते. ती वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं, तसं झालेलं नाही.

म्हाताऱ्याची फिर्याद एवढ्या वर्षांनी आज इथे लिहून घेतली आहे. पूर्ण वाचून दाखवायला तो हयात नाही, म्हणून अंगठ्याची जागा कोरी सोडतो.