बटण नसलेला दिवा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे देव्हाऱ्यातला विजेचा दिवा पुसणं. हौसा, म्हणजे माझी बायको, स्टुलावर आणि मी स्टूल धरून. पुसून झाल्यावर तिने फडकं माझ्या डोक्यावर झटकलं. म्हणाली, "ह्याला बटण कधी बसवताय? तो टेस्टिंगवाला परत आला तर मी न्हाई तुमची बाजू घेणार."

"रविवारी," मी म्हणालो.

दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळी ती गेली. रविवार लांबच राहिला.

त्या टेस्टिंगवाल्याचं सांगतोच, कारण त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी चौथी शिकलेला. पावणे गावातल्या एका कंपनीत वायरमनच्या हाताखाली जन्म घालवला, त्यामुळे वीज आपल्याला कळते असा माझा समज होता. (कंपनीचा तसा नव्हता. म्हणून तर शेवटपर्यंत हाताखालीच राहिलो.) नवरात्रात हौसाचा तेलाचा अखंड दिवा पंख्याने विझायचा आणि पंखा बंद केला की आम्ही विझायचो. म्हणून मी देव्हाऱ्यात एक बारका बल्ब बसवला, थेट भिंतीतल्या वायरीला जोडून. चुकून कुणी बंद करू नये म्हणून बटणच ठेवलं नाही. हौसा खूश! हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला तिने तो दाखवला.

आणि नेमका त्याच नवरात्रात सोसायटीच्या मीटरखोलीत जळाल्याचा वास आला. झालं! कमिटीने ठरवलं, प्रत्येक घराचं वायरिंग तपासून सर्टिफिकेट घ्यायचं, नापास होईल त्याची लाइट कापायची. वास मीटरखोलीत आणि शिक्षा आम्हाला!

टेस्टिंगवाला आला तो ऐन पाचव्या माळेला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात हँडल फिरवायची पेटी. म्हणाला, मेन स्विच खाली करा, चालू लायनीवर मी पेटी लावत नाही. हौसा उठली आणि मेन स्विचच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"घट बसलेत. दिवा विझायचा न्हाई."

"मावशी, काल दुपारी लाइट गेली होती. तेव्हा विझलाच ना?"

"ती बोर्डाने घालवली. त्याचं पाप बोर्डाला. तुमी घालवलीत तर तुमाला."

तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणून माझं डोकं चाललं, आणि तिथेच घात झाला. समोरच्या सावंत वहिनींकडून तेवढ्यापुरती लाइट आणायची असं मी ठरवलं. पण दिव्याला प्लग कुठे होता? तो तर भिंतीत गाडलेला! मग मी एका लांब वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग लावले. एक वहिनींच्या भिंतीत, दुसरा आमच्या. हौसा बाजूला झाली, मी मेन खाली केला. दिवा जरासुद्धा हलला नाही! हौसाने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की तसं लग्नातही पाहिलं नव्हतं.

टेस्टिंगवाला तेव्हा जिन्यात कमिटीवाल्याशी बोलत होता. आत आला, स्विचबोर्ड उघडला, टेस्टर लावला. टेस्टर पेटला. त्याने मेन बघितला, तर खाली. पुन्हा टेस्टर लावला, पुन्हा पेटला.

"काका, मेन बंद आहे ना?"

"बंद आहे," मी छातीठोकपणे सांगितलं.

"मग हा पंखा कसा फिरतोय?"

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. फ्रिज घरघरत होता. एका दिव्यासाठी मी आमचं अख्खं घर वहिनींच्या विजेवर चालवत होतो! तेवढ्यात वहिनींनी इस्त्री लावली असावी. त्यांच्या घरात फट्ट झालं, फ्यूज उडाला, आणि आमचा दिवा विझला.

टेस्टिंगवाला म्हणाला, आपला जीव गेला असता. हौसाला त्याच्या जिवाचं काही नव्हतं. तिने फक्त विचारलं, "आता हे पाप कुणाचं?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. तिनेही केलं! वर तो मला म्हणतो, काका, तुम्ही विजेला हात लावू नका. माझ्या घरात, मला! दसऱ्यानंतर मेन खाली करून त्याने आम्हाला पास केलं, पण दिव्याला बटण बसवा असं बजावून. ते मी बसवलं नाही. रागानेच.

ती गेली त्या रात्री माझी बहीण म्हणाली, सुतकात देवाचा दिवा नको, बंद कर. मी म्हणालो, बटण नाही. मग बल्ब काढ म्हणाली. मी सांगितलं, "वायरिंग माझं आहे. तूच हात लावून बघ." ती मागे सरली. दिवा राहिला.

सकाळी डोळा उघडला तर देव्हारा अंधारात. बोर्डाने लाइट घालवली होती. पाप बोर्डाचं, हे मला पाठ होतं. तरी माळ्यावरून ती दोन प्लगांची वायर काढली आणि सावंत वहिनींच्या दारात जाऊन बेल दाबली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. समोरच्या घरातलं माणूस गेलंय आणि ही माणसं दार उघडत नाहीत! मी असा तापलो की अंगठा दुखेपर्यंत बेल सोडली नाही.

वहिनी जिन्यातून वर आल्या, हातात दुधाची पिशवी. त्यांनी वायर बघितली, माझा अंगठा बघितला. हळूच म्हणाल्या, "भाऊ, लाइट सगळ्या बिल्डिंगची गेलीय. बेल कशी वाजणार?"

जन्म वायरींत गेला माझा. मी मान हलवली, आणि बेल आणखी एकदा दाबली.