टोपणात न बसणारं रबर

वाचकांनी कृपया सावरून बसावं. एक अत्यंत गंभीर बाब मी आज प्रथमच जाहीर करत आहे. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी तलवारी जप्त केल्या, मोहाची दारू जप्त केली, एकदा तर एक जिवंत बोकड मुद्देमाल म्हणून चार दिवस ठाण्यात सांभाळला. पण ज्या साक्षीदाराने मला सर्वांत जास्त शहाणं केलं, तो तळहातावर मावेल एवढा काळा, फुगलेला रबराचा तुकडा होता. त्याने शपथ घेतली नाही आणि तो फितूरही झाला नाही. ती घटना आठवली की आजही आधी नाकात जळका वास येतो आणि मग हसू.

तेव्हा मी मोहाडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक साठीचे शेतकरी आत आले. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल आणि मागे त्यांची बायको. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, अर्ज लिहून घ्या. माह्या पुतण्यानं मले जिवानिशी माराची तयारी केली."

"काय केलं त्याने?"

"गाडीचे ब्रेक तोडले."

गाडी म्हणजे पंधरा वर्षांची, सात जण बसणारी, घरच्या सगळ्या लग्नांना जाऊन आलेली. आदल्या दिवशी नवरा-बायको एकोडीला तिच्या भावाकडे राखीला गेले होते. परतताना, गाव अगदी समोर दिसत असताना, तलावाच्या पाळीवरून उतरताना ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. गाडी उतारावरून सुटली आणि नुकत्याच रोवणा झालेल्या बांधीत, म्हणजे धान लावलेल्या खाचरात, घुसली. चिखलाने तिला धरून ठेवलं, म्हणून दोघं जिवंत.

"दुसऱ्या अंगाले गेली असती तं तलाव होता," ते म्हणाले. हे बोलताना मात्र आवाज बारीक झाला. माणूस खरोखर घाबरला होता.

"ब्रेक जुने असतील."

"नाई! ब्रेककडं मी सोता लक्ष देल्तं. आठच दिवस झाले." छातीवर हात ठेवून त्यांनी हे सांगितलं. मी ते अर्जात जसंच्या तसं लिहायला लावलं. हे वाक्य वाचकांनीही लक्षात ठेवावं.

पुतण्यावर संशय का, तर हाच पुतण्या दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती गाडी चालवायचा. अंगण एक, चुली दोन. पावसाळ्याआधी त्याने सांगितलं होतं, ब्रेकचे पॅड बदला. काका म्हणाले, तू जोरात ब्रेक मारतोस म्हणून झिजतात. शब्दाने शब्द वाढला. पुतण्याने चावी ओसरीवर ठेवली आणि "तुमची गाडी तुमीच चालवा, मी हात बी लावणार नाई" असं म्हणून निघून गेला. दोन महिने बोलणं बंद.

आता खरी अडचण ऐका. त्याच पुतण्याचा चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडलेला होता. सरकारी खात्यात चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि दोन दिवसांत अहवाल जायचा होता. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला असता, तर नोकरी गेलीच म्हणून समजा. तीही कशासाठी, तर ब्रेक तोडले म्हणून! अशा माणसाच्या हाती पुढे कोण स्टिअरिंग देईल?

मी अर्ज चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि गाडी बांधीतून काढून ठाण्याच्या आवारात आणवली.

दुपारी खबर आपल्या पायांनी चालत आली. काकांचा शेजारी. इकडेतिकडे बघत कानाशी लागला.

"साहेब, आपलं नाव नका येऊ देऊ. पण पोट्टा परवा रोजी गाडीचं बोनेट उघडून वाकून होता. म्या या डोयानं पायलं."

माझा अनुभव असा, की 'नाव येऊ देऊ नका' म्हणणारा माणूस ठाण्यात येण्याआधी निम्म्या गावाला सांगून आलेला असतो. तरीही खबर खोटी नव्हती. मी पुतण्याला बोलावलं.

अठ्ठावीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. चौकशीत कमी बोलणारे दोन प्रकारचे असतात. एक लपवणारे, दुसरे रुसलेले. लपवणारा तुमच्याकडे बघतो, रुसलेला भिंतीकडे. हा तासभर भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे बघत बसला होता.

"बोनेट उघडलं होतंस?"

"उघडलं."

"कशाला?"

तो पुन्हा नकाशाकडे वळला.

"अरे, नोकरी जाईल तुझी. हा कागद दिसतो का?"

त्याने कागदावरचं आपलं नाव वाचलं. "मोठेबाबा गाडी आंगनात आनत होते," तो शेवटी म्हणाला. काकांना तो मोठेबाबा म्हणायचा आणि काकूंना मोठी आई. "चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यावानी आवाज येत होता. मोठी आई संग बसते त्या गाडीत. मले रायवलं नाई. ते मोहाडीच्या बाजारात गेले तवा पायलं."

"मग?"

"ब्रेक तेलाची डब्बी काठोकाठ भरून होती. म्हटलं, चला, मोठेबाबांनं काईतरी केलं. डब्बी लावून देल्ली."

"एवढंच? मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"हात लावणार नाई म्हटलं होतं ना, साहेब."

हे ऐकून मी मनातल्या मनात टोपी काढली. नोकरी गेली तरी चालेल, पण शब्द मोडल्याचं काकांना कळू नये! तो उठता उठता सहज म्हणाला, "फक्त टोपनाच्या आतलं रबर वापस बसत नव्हतं. मोठं झाल्यावानी वाटे. कसंबसं कोंबलं."

आणि इथे, मित्रहो, माझी झोप उडाली. रबर झिजतं, तुटतं, कडक होतं, हे मला ठाऊक होतं. पण रबर वाढतं? वयात आलेल्या पोरासारखं? ते रबर काय खाऊन वाढलं, हे कळल्याशिवाय मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरकारी गाड्यांची कामं करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. दोन पंच उभे केले. मिस्त्रीने आधी पुढची चाकं उतरवली. पॅड पार झिजून नुसता पत्रा उरला होता. ब्रेकच्या नळ्यांवरून त्याने बोटं फिरवली. कुठेही काप नाही, गळती नाही. मग त्याने तेलाच्या डबीचं टोपण उघडलं. आतलं रबर सुरकुतून, फुगून बाहेर आलं. त्याने तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रेत ओळखलं.

"साहेब, हे ब्रेकचं तेलच नोहे. यातल्या रबराले दुसरं तेल चालत नाई. फुगते. रबर फुगलं का ब्रेक पकडून बसते, सुटत नाई. चालता चालता तापते. लय तापलं का आतलं तेल उकळते, मंग पेडल खाली."

मला लगेच अर्जासोबत घेतलेला काकूंचा जबाब आठवला. जाताना कारध्याला चहाला थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कायतरी जळून राहिलं." त्यावर काकांनी उत्तर दिलं होतं, "तुह्या डब्यातले लाडू असतीन."

"पण मिस्त्री, हे सिद्ध कसं करायचं?"

"दोन गिलास आना."

ठाण्याचे चहाचे दोन ग्लास आले. एकात ब्रेकचं नवं तेल, दुसऱ्यात डबीतलं. दोन्हींत एकाच मापाचं नवं कोरं रबर. ग्लास कपाटात ठेवून कुलूप लावलं, त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. त्या दिवशी ठाण्यातल्या प्रत्येकाला काही ना काही निमित्ताने माझ्या खोलीत काम निघालं. गार्डवरचा शिपाईसुद्धा विचारून गेला, "सर, फुगलं का?"

सकाळी पंचांसमोर कपाट उघडलं. एक रबर तसंच. दुसरं असं सुजलं होतं, जणू त्याला गांधीलमाशी चावली.

मग मी जरा नाटक केलं, हे कबूल करतो. टेबलावर मिस्त्रीने निवडून दिलेले तेलाचे दोन डबे मांडले, नावं कागदाने झाकली. मागे दोन ग्लास, त्यांवर माझी टोपी. काका, काकू, पुतण्या, मिस्त्री सगळ्यांना बोलावलं. काका आणि पुतण्या दोन टोकांना बसले.

"काका, तुम्ही जाणकार. ब्रेकमध्ये यातलं कोणतं तेल घालतात?"

काकांनी दोन्हींत बोट बुडवून बघितलं आणि क्षणात एका डब्यावर हात ठेवला. "हे! माह्या ट्रॅक्टरले हेच असते. एकच तेल गिअरले, लिफ्टले अन् ब्रेकले. ट्रॅक्टरचे ब्रेक तेलातच बुडून राहतात, साहेब. धानाची भरली ट्रॉली ओढते, कदी फेल नाई झाले."

"आणि गाडीत?"

"तेच टाकलं ना! समोर लाल दिवा लागून होता. डब्बी पायली तं तेल खाली गेल्तं. काठोकाठ भरली, दिवा बुजला. म्हनून तं म्हनतो, मी सोता दुरुस्त केल्यावर ब्रेक जाईनच कसा?"

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "बाप्पा, पॅड झिजले का तेल खाली उतरते. तो दिवा तेल नोहता मांगत, पॅड मांगत होता!"

मी टोपी उचलली. काका दोन्ही ग्लासांकडे बघत राहिले. हळूच फुगलेलं रबर उचललं, दुसऱ्याशेजारी ठेवलं, पुन्हा उचललं.

पुढे मोटार वाहन निरीक्षकांचा अहवालही तोच आला. पडताळणीचा कागद मात्र मी त्याच दिवशी स्वच्छ शेरा मारून रवाना केला. या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. आम्ही पोलीस नेहमी विचारतो, वाईट कोणाला करायचं होतं? तेव्हापासून मी आधी विचारू लागलो, चांगलं करायला कोण गेलं होतं? घरोघरची बरीच मोडतोड माणसं दुरुस्तीच्या विश्वासाने करतात. आणि गाडीला दिवा लागला की मी तेलाचा डबा शोधत नाही, मिस्त्री शोधतो.

पण पुन्हा त्या खोलीत येऊ. काकांच्या हातात रबर होतं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अन् म्हने लाडू जळाले!"

काकांनी रबर खाली ठेवलं, अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे साहेब, अर्जदार बी मीच अन् गैरअर्जदार बी मीच? आता माही जमानत कोन घेईन?"

चौकशीत तासभर भिंतीकडे बघत बसलेला पुतण्या ताडकन उठला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मी घेतो ना, मोठेबाबा! पन पयले गाडीची चाबी इकडं आना!"