फोकसचा आरसा

झोटवाड्यातला तो कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस गिऱ्हाइकाकडे कधी बघत नाही. शटर कानाशी धरून ऐकत बसतो. मी त्याला दोन रेंजफाइंडर कॅमेरे दुरुस्तीला दिले होते, बाबांचा खूप जुना आणि माझा, त्याच कंपनीचा त्यानंतरचा, बॅटरीवाला. त्याने न विचारता माझ्या कॅमेऱ्यातला फोकस जुळवायचा आरसा काढून बाबांच्या कॅमेऱ्यातल्या धुरकटलेल्या आरशाच्या जागी बसवला. माझं डोकंच फिरलं.

“पूछना तो था,” मी ओरडलो.

“आपवाले की बैटरी अब बनती नहीं. पिताजीवाले को चाहिए ही नहीं,” तो मान वर न करता म्हणाला. “पूछता, तो आप दोनों को शोकेस में रख देते.”

मी तडक निघालो. राग अजून गेलेला नाही. शोकेसमध्ये दोन कॅमेऱ्यांची जागा मी सकाळीच करून ठेवली होती.