मोहरील काकांच्या एसीची गळती

मोहरील काकांची पांढरी गाडी महिनाभरात तिसऱ्यांदा माझ्या शटरसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा शेजारच्या डेंटिंगवाल्या गुड्डू भैयाने हातोडी खाली ठेवली.

"काए दीदी, ये गाड़ी फिर आ गई?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. आमच्या धंद्यात एखादी गाडी पहिल्यांदा आली तर लोक गाडीला नावं ठेवतात. तिसऱ्यांदा आली की मेकॅनिकला.

काका उतरले. शर्ट पाठीला चिकटला होता. मागच्या सीटवर काकू ओला नॅपकिन मानेवर धरून बसल्या होत्या.

"मंजू, हवा गरम येऊन राहिली," काका म्हणाले.

"पुन्हा?"

"पुन्हा काहून म्हणतेस? धड गार झालीच कुठं होती?"

"झाली होती जी," काकू आतून म्हणाल्या. "आठ दिवस चांगली गार होती. तिच्या तोंडावर खोटं काहून बोलता?"

हिंदी मुलखातल्या या नेपियर टाउनमध्ये कारच्या एसीचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्याआधी याच गाळ्यात बाबा फ्रिज दुरुस्त करायचे, आणि तेव्हापासून मोहरील काका आमच्याकडे येतात. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. रिटायर झाले, पण स्टोअर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. घरातली वस्तू जागेवर आहे ना, हे दिवसातून एकदा स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काकू म्हणतात, लग्नानंतर पहिली दोन वर्षं ते त्यांनाही तसेच तपासायचे.

या खेपेला मात्र प्रकरण साधं नव्हतं. त्यांची लेक प्राजक्ता नागपूरला असते. तिला सातवा लागला होता. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी घरातलं कोणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाला माहेरी जायची परवानगी दिली, पण मे महिन्याच्या उन्हात तापायचं नाही, असं बजावलं. जावयांनी टॅक्सी करतो म्हणून सांगितलं. काका म्हणाले, माझी लेक माझ्या गाडीत येईल. तिला आणायला निघायचं रविवारी होतं, आणि आज बुधवार.

आता थोडं एसीबद्दल सांगते. लोकांना वाटतं गॅस पेट्रोलसारखा वापरून संपतो. तो संपत नाही. बंद पाइपांतून तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो निवतो आणि डॅशबोर्डमागच्या जाळीत गार होतो. कमी झाला तर तो कुठूनतरी बाहेर पडलाय, एवढाच अर्थ.

पहिल्या खेपेला मला कारण मिळालं होतं. एका जोडावरची ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, कडक होऊन चिरली होती. ती बदलली, गॅस भरला, वर थोडा रंगही सोडला. हा रंग आतल्या तेलात मिसळून फिरतो. गळती असेल तिथे बाहेर येतो आणि जांभळ्या टॉर्चखाली पोपटी चमकतो. बारा दिवसांनी गाडी परत आली, गॅस अर्धा. मग मी पंपाने आतली सगळी हवा ओढून घेतली आणि प्रेशर गेजचा काटा अर्धा तास पाहत बसले. गळती असती तर हवा आत शिरून काटा सरकला असता. तो ढिम्म. गॅस भरून साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. टॉर्च मारला, काही नाही. गाडी तशीच दिली. कारण न सापडता गाडी देणं मला आवडत नाही.

आता ती तिसऱ्यांदा समोर होती. बॉनेट उघडलं, गेज लावले, इंजिन सुरू करायला सांगितलं. कॉम्प्रेसर टक करून सुरू झाला आणि टक करून बंद पडला. प्रेशर पाहून मीच चमकले. गॅस कमी नव्हता, भलताच जास्त होता.

"काका, यात तुम्ही काय केलं?"

काका रस्त्याकडे बघायला लागले.

"डबा मागवला यांनी," काकू म्हणाल्या. "ऑनलाइन. बारकासा डबा, निळी नळी, अन् वर घड्याळ."

"व्हिडिओत तो माणूस पाच मिनिटांत करून राहिला होता," काका म्हणाले. "घड्याळात हिरवा पट्टा होता. काटा हिरव्यात आला, तरी पाहिजे तशी गार होईना. म्हटलं डब्यात उरलाच आहे, तर वाया काहून घालवायचा?"

"म्हणून सगळा टाकला?"

"दुसरा डबा अर्धाच टाकला."

जास्त गॅस म्हणजे जास्त गार, असं नसतं. जागाच उरली नाही की प्रेशर वाढतं आणि पाइप फुटू नये म्हणून गाडी स्वतःच कॉम्प्रेसर बंद करते. हे मी काकांना समजावलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "अच्छा, पण आधीचा गॅस कुठं गेला, ते सांग."

"तेच शोधते," म्हणत मी मशीन जोडलं.

मशीनने सगळा गॅस काढून घेतला. पुन्हा हवा ओढली. अर्धा तास काटा पाहिला. ढिम्म. काकूंनी आणलेलं पन्हं आम्ही तिघं प्यालो. मग मी गाडी गाळ्यात घेऊन शटर अर्ध्यावर ओढलं, वर ताडपत्री सोडली, पिवळा चष्मा लावला आणि जांभळा टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये शिरले. पुढची जाळी, काळी. कॉम्प्रेसर, काळा. पाइपांचे जोड एकेक करून पाहिले, सगळे काळे. गॅस भरताना निळा गेज लावतात त्या पाइपाच्या तोंडापाशी तेवढी एक पोपटी कडी चमकत होती.

"ते काय आहे?" काकांनी विचारलं.

"ते नेहमीचं. गेज काढताना थोडं उडतंच तिथे."

हे मी दुसऱ्या खेपेलाही स्वतःला सांगितलं होतं.

"अन् इथं पाहिलं का?" म्हणत काकांनी हात पुढे केला, आणि टॉर्चच्या उजेडात त्यांचा अंगठा आला. अंगठा पोपटी चमकत होता. नखाच्या कडा तर जास्तच.

"काका, हात मागे घेऊ नका," मी म्हटलं.

टॉर्च अंगठ्यावरून मनगटावर नेला. घड्याळाचा पट्टा पोपटी. शर्टाच्या खिशाची कड पोपटी. खिशातल्या बॉलपेनचं टोक इतकं चमकत होतं की काकू सीटवरून उतरून बघायला आल्या.

"अगं बाई, हे काय लागलं यांना?"

"ज्या रंगाने मी गळती शोधते, तो रंग आहे काकू. तो गाडीच्या आत असतो. काका, तुम्ही पेन कुठे लावता?"

स्टोअरकीपर माणूस, पुरावा समोर आल्यावर खोटं बोलता येत नाही. काकांनी त्या निळ्या गेजच्या तोंडावरच्या टोपणाकडे बोट केलं. "हे टोपण काढतो. आत पिन आहे. ती पेनानं जराशी दाबतो. फुस्स आवाज आला म्हणजे गॅस आहे. मग टोपण लावतो."

"कधी?"

"रोज सकाळी."

"अन् संध्याकाळी फिरून आल्यावर," काकू म्हणाल्या. "मला वाटे गाडी पुसून राहिले. अन् प्राजूचा फोन आला की फोन ठेवून लगेच बाहेर."

गॅस कुठे गेला, ते कळलं. दिवसाला दोन-तीन फुस्स, अधिक नागपूरचे फोन. ओ-रिंग बदलल्यापासून गाडीत गळती नव्हतीच. गळती काकांच्या घरून, मदन महलहून, गाडी चालवत माझ्याकडे येत होती.

मला हसू आवरेना. तेवढ्यात मी विचारू नये ते विचारलं. "काका, ही पिन दाबायचं तुम्हाला कोणी शिकवलं? त्या व्हिडिओवाल्याने?"

"तूच," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी मी विचारलं, भरला हे कसं समजायचं? तू दाबून दाखवलंस. म्हणालीस, ऐका, आहे ना गॅस?"

माझं हसू तिथेच विरलं. खरं होतं. दारात तीन गाड्या उभ्या होत्या, मला घाई होती, आणि काका प्रश्न विचारायचं थांबत नव्हते. त्यांना वाटेला लावायला मी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून एक फुस्स करून दाखवलं होतं. मला मनापासून लाज वाटली. माणूस पोरीच्या काळजीने अर्धमेला झाला होता, आणि मी त्याच्या हातात हे दिलं होतं.

"पुन्हा नाही करणार," काका हळूच म्हणाले. "पण मंजू, सकाळी तो आवाज ऐकल्याशिवाय चहा जात नव्हता गं. रस्त्यात काही झालं तर?"

काकूंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

पुढचं काम सोपं होतं. टायरला असतो तसा एक बारका व्हॉल्व त्या तोंडात असतो. रोज दाबून तोही सैल झाला असणार. गेज लावला की त्याची कपलिंग, म्हणजे टोकाची जोडणी, हे तोंड झाकते, त्यामुळे माझ्या अर्ध्या तासाच्या परीक्षेत तो कधी सापडलाच नसता. व्हॉल्व बदलला, नवं टोपण आणलं, पुन्हा हवा ओढली.

"आता गॅस तुम्ही भरायचा," मी काकांना म्हटलं. "तुम्हाला स्वतः करायचं होतं ना? करा. पण वजनावर."

बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर किती ग्रॅम गॅस लागतो ते लिहिलेलं असतं. हिरव्या पट्ट्याच्या भरवशावर कोणी राहू नये. काकांनी चष्मा लावून स्टिकर दोनदा वाचला. सिलेंडर वजनकाट्यावर ठेवला, हातमोजे घातले, नॉब फिरवला. अख्ख्या गल्लीत इतका शांत माणूस मी पाहिला नाही. मी "बस" म्हटलं, तर म्हणाले, "एक ग्रॅम बाकी आहे." एका ग्रॅमने काही होत नाही, हे मी सांगितलं नाही.

हवा गार आली. मी एक थर्मामीटर त्यांच्या हातात दिला. "रोज तपासायचंच असेल तर हा डॅशबोर्डवर गार हवा येते त्या जाळीत खोचा. आठ-दहा डिग्री दाखवला की गॅस आहे. यात काही उडत नाही."

गुड्डू भैया शटरखालून वाकून बघत होता. "लीकेज पकड़ में आई, दीदी?"

"हाँ, आ गई," मी म्हटलं. कोण सापडलं ते सांगितलं नाही. काकांनीही माझं नाव घेतलं नाही, तेव्हा हिशेब बरोबर.

रविवारी पहाटे काका-काकू नागपूरला निघाले. सोमवारी दुपारी मला प्राजक्ताचा फोन आला. परतीच्या वाटेवर गाडी लखनादौनच्या पुढे आली होती.

"मंजूताई, बाबांना सांग ना. मला थंडी वाजून राहिली. एसी कमी केला की म्हणतात, काटा चढला. दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून थर्मामीटर पाहून राहिले."

"शाल आहे का?"

"दोन आहेत. दोन्ही अंगावर आहेत."

"मग गप बस," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पाच-सहा तासांचा रस्ता त्यांनी साडेआठ तासांत केला. जुलैत प्राजक्ताला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. गाडी चौथ्यांदा आली नाही.

इतक्या वर्षांत गळती शोधायला मी साबण लावला, पंप लावला, रंग सोडला, टॉर्च मारला. गिऱ्हाइकाला "तुम्ही गाडीला रोज काय करता?" एवढं मात्र कधी विचारलं नव्हतं. आता बॉनेट उघडायच्या आधी तेच विचारते, आणि विचारताना माणसाच्या अंगठ्याकडे बघते.